मिग-२१ च्या रंगाचा चेक माझ्या सहीसाठी अडून बसलाय

जमाखर्च
९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत होते. आज पहिला धागा काढतेय, तोही अडचणीत सापडले म्हणून.

मी नागपुरातल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थी संघाची खजिनदार. शाळेचं नाव लिहीत नाही. तिथली निम्मी मंडळी इथे वाचतात आणि मला याच गावात राहायचंय. फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला चौथऱ्यावर एक मिग-२१ उभं आहे. टाइप ७७, म्हणजे एफएल. वायुसेनेने हा प्रकार डिसेंबर २०१३ मध्ये सेवेतून काढला, त्यानंतर काही काळाने हे आमच्याकडे आलं. आलं तेव्हा अंगावर रंग नव्हताच, नुसता धातूचा पत्रा. मे महिन्याच्या उन्हात त्याच्याकडे बघवत नसे.

चार-पाच वर्षांपूर्वी आधीच्या कार्यकारिणीने त्याला चंदेरी ऑइल पेंट मारला. आता तो पापुद्रे धरून सुटतोय. पंखावरून हात फिरवला की पीठ लागावं तशी पांढरी भुकटी बोटांना लागते. रिव्हेटच्या डोक्यांभोवती रंगाला फोड आलेत, शेपटीखाली तांबूस ओघळ उतरलेत. कॉकपिटची काच दुधाळ झालीय, आतलं काही दिसत नाही.

२६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला, तो सगळ्यांनी टीव्हीवर बघितला आणि आमच्या ग्रुपवर एकदम भरतं आलं. 'आपल्या मिगला नवं रूप' असा ठराव झाला. कोटेशन आलंय १,८५,००० रुपयांचं. ग्राइंडरने घासून जुना रंग काढणे, पुट्टी, रेड ऑक्साइड, वरून ऑइल पेंटचे दोन हात. पाठीवर हिरवं-करडं कॅमोफ्लाज, पोटाला आकाशी. २६ जानेवारीच्या आत. चेकवर दोन सह्या लागतात, अध्यक्षांची होऊन गेलीय.

माझी अडलीय ती एका बादलीपायी. पाऊस कधीच गेला, दिवाळी झाली, तरी विमानाच्या पोटातून थेंब थेंब पाणी गळतंय आणि शिपाईकाका तिथे बादली ठेवतात. आत पाणी साठलेलं असताना बाहेरून रंग लावायचा हे मला पटत नाही. मी कॉमर्सवाली, त्यामुळे सभेत मुद्दा मांडता आला नाही. कोणी समजावून सांगेल का?


तर्रीबाज
९ नोव्हेंबर, रात्री ११:१२

एक लाख पंच्याऐंशी हजार? ताई, तेवढ्यात माझ्या घराला आतून-बाहेरून रंग मारून वरतून अख्ख्या मोहल्ल्याचं सावजी जेवण होऊन जाईन. त्या बादलीतलं पाणी मात्र जपून ठेवजा, मे महिन्यात कामी येईन.

जाणकार येऊन राहिले असतीन. तवर मी पुढची जागा धरून बसतो.


पत्रा-फिटर
१० नोव्हेंबर, सकाळी ६:०५

सही करू नका.

वायुसेनेत एअरफ्रेम फिटर म्हणून वीस वर्षं काढली, त्यातली काही ओझरला. टाइप ७७ भरपूर हाताखालून गेलंय. तुमचं विमान बहुतेक आपल्या नाशिकजवळच्या ओझरलाच बनलेलं असणार, इंजिन कोरापुटचं.

विमानाच्या पोटाला जागोजागी बारीक भोकं असतात, करंगळी जाणार नाही एवढी. ती पाणी जायलाच ठेवलेली असतात. विमान म्हणजे काही बंद डबा नव्हे. पॅनेलच्या फटींतून पाणी आत जातंच, उडत्या विमानातही जातं आणि भोकांतून निघून जातं. रंगाऱ्याला भोक दिसलं की तो पुट्टी भरतो. त्याला वाटतं आपण दुरुस्ती केली. मागच्या रंगकामात हेच झालं असणार.

दुसरं असं की इंजिन काढून घेतलेलं असेल. मिगचं इंजिन मागे असतं, ते गेलं की वजन नाकावर येतं. पुढच्या पायातला गॅस तर केव्हाच निघून गेलेला असतो, त्यामुळे नाक खाली बसतं. भोकांच्या जागा ठरवताना विमान सरळ उभं आहे असं धरलेलं असतं. नाक चार बोटं खाली गेलं की पाणी भोकापर्यंत पोचत नाही, पुढच्या फ्रेमला अडून तिथेच राहतं. दिवाळीतल्या थेंबांचं कारण हे.

पोटाखाली आडवं होऊन भोकं उघडी आहेत का बघा. मिस्त्रीची लेव्हल लावून नाक किती उतरलंय ते मोजा. आणि चाकं कशावर टेकलीत ते सांगा.


जमाखर्च
१० नोव्हेंबर, दुपारी १:३०

काका, मनापासून आभार. चाकांचं मला पाठ आहे. ती अर्धी सिमेंटमध्ये बसवलीत. 'कोणी ढकलून नेऊ नये म्हणून.'


पत्रा-फिटर
१० नोव्हेंबर, दुपारी १:४४

पाच टनांचं विमान कोण ढकलून नेणार होतं? चाकाचा मधला हब मॅग्नेशियमचा ओतीव असतो. सिमेंट त्याला खाऊन टाकणार.


धातूवेडा
१० नोव्हेंबर, रात्री ९:२०

काकांना नमस्कार करून एक दुरुस्ती सुचवतो. मॅग्नेशियमला सिमेंटातला अल्क (अल्कली, ॲसिडच्या उलट गुणाचा) खात नाही, तो त्याला चालतो. त्याला खातात ओल आणि लोखंडाचा शेजार. पण निष्कर्ष काकांचाच बरोबर, कारण सिमेंटचा तो खळगा पावसाळाभर वाटीसारखा भरून राहतो आणि हब त्यात भिजत पडतो.

अल्काने मरतं ते ॲल्युमिनियम. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा जो थर आपोआप धरतो, तो साधारण पीएच ४ ते ८.५ या पट्ट्यातच टिकतो. चुन्याचं पाणी १२ च्या वर जातं. आपल्याकडे झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी दिसेल त्या दगडाला चुना-गेरू फासायची चाल आहे. चौथऱ्याला चुना मारताना ब्रशचे शिंतोडे विमानाच्या पायांवर आणि दारांच्या पत्र्यांवर उडत असणार. दर वर्षी दोनदा. दुसऱ्या टोकाला संडास साफ करायचं ॲसिड. पारव्यांचे डाग निघत नाहीत म्हणून ते विमानावर ओतणारे लोक मी या डोळ्यांनी बघितलेत. ॲसिड आणि चुना दोन्ही विमानापासून लांब ठेवा.

आता ग्राइंडर. हा पत्रा म्हणजे आपल्या पातेल्याचं ॲल्युमिनियम नव्हे. हा ड्युरॅल्युमिनचा, त्यात सुमारे ४ टक्के तांबं असतं. तांब्यामुळे ताकद येते आणि तांब्यामुळेच तो सडायला हळवा होतो. म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून चढवतात. एका बाजूचा थर पत्र्याच्या जाडीच्या २ ते ५ टक्के. पत्रा दीड मिलीमीटरचा धरला तर हा थर झाला ०.०३ ते ०.०७५ मिलीमीटर, म्हणजे आपल्या केसाइतका. विमानाचं चिलखत तेवढंच. ग्राइंडरची चकती ते एका फिरकीत उडवते, वर जी चकाकी दिसते ती उघड्या पडलेल्या तांबेमिश्रित धातूची. दोन पावसाळे गेले की तिथून पांढरं फुटायला सुरुवात होते. लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे कण ॲल्युमिनियमात रुततात आणि दोन धातूंत ओल आली की प्रत्येक कण एकेक छोटी बॅटरी होऊन पत्रा खात बसतो. शेपटीखालचे तांबूस ओघळ पोलादी स्क्रूंचे आहेत, बॅटरीच ती, फक्त मोठी.

एक तपासा. स्क्रूंच्या आसपास किंवा पंखाच्या मुळाशी पत्रा कडेने फुगून भिजलेल्या पुस्तकासारखा पानापानांनी सुटतोय का? सुटत असेल तर तो भाग आतून गेला, वर रंग लावून उपयोग नाही. नसेल तर विमान वाचण्यासारखं आहे.

आणि हो, वाडीला अमरावती रोडवर जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. ॲल्युमिनियमवर काम करणारी राष्ट्रीय पातळीची संस्था आपल्याच गावात असताना आपण रंगाच्या दुकानदाराचा सल्ला घेतो. एक पत्र टाकून विचारा की.


डेंटिंगवाले
११ नोव्हेंबर, सकाळी ११:००

रंगाऱ्याला सगळे मिळून झोडपून राहिले म्हणून लिहितो. माझं गॅरेज आहे, ट्रॅव्हल्सच्या बसा रंगवतो, त्यांचे पत्रे ॲल्युमिनियमचेच असतात. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, 'चमकलं पाहिजे आणि परवा पाहिजे.' कोणी म्हणत नाही की दहा वर्ष टिकलं पाहिजे. ज्याने कोटेशन दिलं त्याला कोणी सांगितलं होतं का, हा पत्रा कशाचा आहे म्हणून?

पण खरं ते सांगतो. ॲल्युमिनियमवर रेड ऑक्साइड म्हणजे येड्याचा बाजार. तो लोखंडाचा प्रायमर आहे. इथे आधी एच (etch) प्रायमर लागतो, म्हणजे पत्र्याले चावून धरणारा, त्यावर इपॉक्सी, त्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. ऑइल पेंट आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत खडू होते. तुमच्या बोटाले जे पीठ लागून राहिलं त्यातलं निम्मं रंगाचंच असन. जुना रंग काढाचा तर ॲल्युमिनियमले चालणारा रिमूव्हर घ्या, प्लास्टिकची पट्टी वापरा, मागून साध्या पाण्यानं धुवा. वेळ लागते, मजुरी वाढते. म्हणून कोणी करत नाही.


मोठीबाग
११ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत नॅरोगेजचं रेल्वे म्युझियम आहे, २००२ मध्ये उघडलेलं. माझी तिथे नेहमी चक्कर असते. तिथली इंजिनं उघड्यावर उभी आहेत आणि रंगावरच जगतात. पण रेल्वेचं इंजिन म्हणजे इंच-इंच जाडीचं लोखंड. वरून थोडा गंज खरवडला, रंग मारला, त्याला काही वाटत नाही. विमानाचं तसं नाही हे धातूवेडा यांचं वाचून आज कळलं. माझी समजूत होती की ॲल्युमिनियम गंजतच नाही.


आडवाटेचा
११ नोव्हेंबर, रात्री ८:४०

मला एक कळत नाही. हे सगळं कशासाठी? शाळेत विमान ठेवून किती मुलं वायुसेनेत गेली? १,८५,००० मध्ये प्रयोगशाळेला काय काय घेता येईल. जपता येत नसेल तर भंगारात द्या आणि एक फोटो लावा. आपण १९७१ च्या युद्धातली आयएनएस विक्रांत नाही जपू शकलो. मुंबईत ती संग्रहालय म्हणून इतकी वर्षं होती, आणि २०१४ मध्ये तोडली. एका मिगचं काय घेऊन बसलात?


सागरवारा
११ नोव्हेंबर, रात्री ९:०५

@आडवाटेचा, तुमचा प्रश्न कडू आहे पण वावगा नाही. इंग्लंडात ब्लॅकपूलला एक व्हल्कन बॉम्बर १९८३ पासून समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर होतं, २००६ मध्ये ते तोडावं लागलं. इंग्लंडातच वायुदलाने तळांच्या फाटकांवर उभी केलेली दुसऱ्या महायुद्धातली खरी स्पिटफायर विमानं काढून आत नेली आणि त्या जागी फायबरग्लासच्या प्रतिकृती उभ्या केल्या. लांबून फरक कळत नाही. अमेरिकेत 'मेम्फिस बेल' हे बी-१७ बॉम्बर जवळजवळ चाळीस वर्षं उघड्यावर होतं, लोकांनी त्याचे भाग काढून नेले. शेवटी २००५ मध्ये ते वायुदलाच्या संग्रहालयाने घेतलं आणि दुरुस्त होऊन लोकांसमोर यायला २०१८ उजाडलं. जपायचं काम करोडपती देशांनाही जड जातं.

मी गोव्यात राहतो. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन हे जुनं मोठं विमान बाहेर उभं आहे. समुद्र जवळ, त्यामुळे हवेतल्या मिठाशी रोजचं भांडण. नागपूरकरांनो, तुमच्याकडे मीठ नाही ही केवढी मोठी कमाई आहे. तुमचे शत्रू ऊन, चार महिन्यांचा पाऊस आणि पारवे. यांना आवरता येतं.


पत्रा-फिटर
१२ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

आडवाटेचा साहेब, टाइप ७७ म्हणजे १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर हल्ला करणारा प्रकार. तुमच्या शाळेतलं तेच विमान असेल असं मी म्हणत नाही. पण मुलांना फोटो दाखवणं वेगळं आणि तो पत्रा किती पातळ आहे हे हाताने दाबून बघू देणं वेगळं. एवढ्याशा पत्र्यात बसून माणूस आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचा. हे बोटाला कळलं की पोरगं गप्प होतं. मी बघितलंय.

आणि ताई, कॅमोफ्लाज नकोच. सत्तर-ऐंशीच्या दशकात काही सत्त्याहत्तरांना रंग होता, पण तुमचं आलं तेव्हा उघड्या धातूचं होतं ना? मग ते तसंच ठेवायचं. विमानाला खोटे कपडे घालू नका.


जमाखर्च
१६ नोव्हेंबर, रात्री ९:४५

आजचा रविवार कधी विसरणार नाही.

पत्रा-फिटर काका स्वतः आले. धातूवेडा दोन विद्यार्थी घेऊन आला. तर्रीबाज फक्त पोह्यांच्या वेळेला उगवला. मुख्याध्यापकांना 'पाहणी' सांगितली होती.

काका आधी विमानाभोवती तीन चकरा मारून आले, काही बोलले नाहीत. मग गुडघे टेकून पोटाखाली शिरले, खिशातून बांबूची एक काडी काढली, मंचूरियनच्या प्लेटमधली असते तशी. लोखंडी खिळा का नाही, मी विचारलं. "खिळ्याने भोक मोठं होईल, चरेल, आणि उद्या तिथूनच सुरुवात होईल." पत्र्यावरून बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले. मला तिथे सलग चंदेरी रंग दिसत होता. त्यांनी काडी टेकवली, हळूच फिरवली, पुट्टीची टिकली गळून पडली.

आधी काहीच झालं नाही. मग काळं पाणी आलं. थेंब नव्हे, धार. सलग धार, कुजक्या पानांचा आणि ग्रीसचा मिळून वास. शिपाईकाकांनी बादली सरकवली, ती भरली, दुसरी आणली. दुसरी पाऊण भरल्यावर धार थांबली. नोव्हेंबरच्या मध्यावर! अशी आणखी सात भोकं सापडली, त्यातली पाच बुजवलेली.

नाक खरंच खाली होतं. लेव्हल लावून मोजलं, चौथऱ्याचा उतारही नेमका त्याच बाजूला.

मागच्या नळकांड्यात टॉर्च मारला तर दोन डोळे चमकले आणि फडफडत एक पारवा माझ्या कानाजवळून गेला. आत विष्ठेचा गुडघाभर थर. त्यात काड्या, एक निळी राखी आणि पाचवीच्या कुणाचं तरी प्रगतिपुस्तक, गुण बघून ते तिथे का पोचलं हे समजलं. पुढे हवा घ्यायच्या तोंडात साळुंक्यांचं घरटं, रिकामं.

चांगली बातमी अशी की पत्रा पानापानांनी सुटलेला फक्त एकाच जागी सापडला, डाव्या पंखाच्या मुळाशी, तळहाताएवढा. धातूवेडा म्हणतो एवढ्यावर निभावलं हे नशीब.


पत्रा-फिटर
१७ नोव्हेंबर, सकाळी ५:५५

काल सांगायचं राहिलं. विष्ठा कोरडी उपसू नका. आधी पाणी फवारून ओली करा, तोंडाला चांगला मास्क लावा. ती धूळ छातीत गेली तर माणूस आजारी पडतो. विष्ठेचं ॲसिड पत्र्याला खातं ते वेगळंच, शिवाय ती स्पंजासारखी ओल धरते.

कॉकपिट उघडायची घाई नको. पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीटमधली स्फोटक काडतुसं काढलेली आहेत याचा कागद आधी हातात हवा. मागच्या काळातल्या घड्याळांच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असायचा, म्हणून काटे-काचा फोडायच्या नाहीत. आतला पिवळट हिरवा प्रायमर क्रोमेटचा असतो, तो कोरडा घासायचा नाही, कॅन्सरचं काम आहे. मुलांना तर त्या दिवशी जवळही नको.


तर्रीबाज
१७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

काका, तुम्ही हे कालच सांगतलं असतं तर म्या त्या नळकांड्यात डोकं घालून सेल्फी घेतला नसता बाप्पा.


रेघोट्या
१७ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मी स्ट्रक्चरल डिझायनर. उशिरा आले, पण धागा वाचताना सारखं वाटत होतं की छपराचं कोणीच का बोलत नाही.

मिग-२१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर. पुढच्या दांडीसकट लांबी पावणेसोळा मीटरच्या आसपास, उंची चार मीटरच्या थोडी वर. म्हणजे १८ बाय १० चं, साडेपाच मीटर उंचीचं उघड्या बाजूंचं शेड पुरतं. बॅडमिंटनच्या कोर्टाला आपण याहून मोठं करतो. रंगाच्या पैशात ते पूर्ण होणार नाही, पण दर पाच वर्षांनी रंग काढायचा असेल तर दुसऱ्या खेपेला शेडचे पैसे वसूल.

नुसत्या छपराने तीन कामं होतात. पाऊस थेट पडत नाही, ऊन काचेवर आणि रबरावर येत नाही, आणि धातूचं रोजचं ताणणं-आकसणं कमी होतं. हे शेवटचं कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे जानेवारीतली पहाट आठ-दहा अंशांची आणि मेमध्ये हवाच ४५ च्या पुढे, उन्हातला पत्रा तर त्याहून कितीतरी तापलेला. एका दिवसातला ४० अंशांचा फरक धरा. १४ मीटरचं ॲल्युमिनियमचं धड तेवढ्यात सुमारे १३ मिलीमीटर वाढतं. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर पाचेक मीटर असेल, तिथेही चार मिलीमीटरच्या वर. तुम्ही चाकं सिमेंटात घट्ट धरली आहेत. ते वाढणं कुठे जाणार? सांध्यांत जातं, रिव्हेट सैल होतात, सैल झालेल्या सांध्यातून पाणी शिरतं.

शेड करताना दोन गोष्टी सांभाळा. छपराच्या पागोळ्या पंखाच्या टोकापासून किमान मीटरभर लांब पडाव्यात. आणि पश्चिमेच्या बाजूला छप्पर जास्त पुढे काढा, आपला पाऊसही तिकडूनच झोडपतो आणि संध्याकाळचं ऊनही तिकडचंच. छपराच्या आतल्या कैच्यांवर पारवे बसतात, म्हणून गोल पाइप वापरा किंवा खालून जाळी ठोका. नाहीतर वरून रोज अभिषेक.

झाडाखाली हलवायचा विचार कोणी सुचवलाच तर नको. कडुनिंबाची पानं भोकात जाऊन बसतात.


आडवाटेचा
१८ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

शेडचं पटलं. माझा आक्षेप रंगरंगोटीवर होता, जपण्यावर नव्हता असं आता म्हणतो. पहिल्या पोस्टमध्ये तसं लिहिलं नव्हतं हे मान्य.


जमाखर्च
७ डिसेंबर, रात्री ११:२०

सभा झाली. दोन तास चालली, त्यातला एक तास चहात गेला.

रंगाचा चेक रद्द. अध्यक्ष नाराज आहेत, 'पाहुण्यांसमोर असं बोडकं विमान?' असं तीनदा म्हणाले. मी काळ्या पाण्याच्या बादलीचा फोटो मोठा करून नेला होता. तो टेबलावर ठेवल्यावर मात्र कोणी बोललं नाही.

ठरलं ते असं. यंदा रंग नाही. भोकं उघडी ठेवायची, दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर काडी घालून बघायची, त्याची नोंद शाळेच्या स्टॉक रजिस्टरात. सिमेंट फोडून चाकं मोकळी करायची आणि विमान जॅक पॉइंटखाली (जॅक लावायच्या ठरलेल्या जागांखाली) स्टँड देऊन सरळ उचलायचं, म्हणजे टायरवर भार राहणार नाही. काका म्हणाले ते पॉइंट ते स्वतः दाखवतील, भलतीकडे जॅक लावला तर पत्रा फाटतो. पुढच्या-मागच्या तोंडांना नायलॉनची जाळी, पाऊण इंचाहून बारीक, नाहीतर साळुंकी शिरते. लोखंडी जाळी नाही. डाव्या पंखाची जागा धातूवेडा आणि त्याचे सर बघणार. सुटणारा ऑइल पेंट डेंटिंगवाले भाऊ सांगतील तसा हळूहळू काढायचा, आधी एका पॅनेलवर करून बघायचं. चौथऱ्याला चुना बंद, विटकरी फरशी बसवायची.

या सगळ्याचा पहिला चेक झाला ११,४०० रुपयांचा. सही केली. उरलेले पैसे शेडच्या नावाने वेगळे ठेवलेत, अध्यक्षांना हात लावता येणार नाही अशा मुदत ठेवीत.

एक गोष्ट राहिली. विमान देणगी म्हणून आलं की उसनं, हे सांगणारी मूळ फाईल शाळेत कोणालाच सापडत नाही. त्याशिवाय पंखाला हात लावायचा नाही असं मीच अडवून धरलंय. वायुसेनानगरला मेंटेनन्स कमांडच्या कार्यालयात पत्र देऊन आलेय.


डेंटिंगवाले
८ डिसेंबर, सकाळी १०:१०

ताई, एका पॅनेलचं ट्रायल मी फुकट करून देतो. रिमूव्हरचे पैसे तेवढे द्या. आपल्यालेही पाहायचं आहे खाली मूळचा पत्रा कसा निघते ते.


पत्रा-फिटर
८ डिसेंबर, दुपारी २:००

येत्या रविवारी धुलाई. सकाळी ७ ला या, पत्रा तापायच्या आत संपवायचं, नाहीतर साबण अंगावर वाळतो. साधं पाणी, भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण बादलीला दोन झाकणं, सुती फडकी, मऊ ब्रश. कपड्यांची पावडर कोणी आणली तर परत पाठवीन. प्रेशर पंप नको, त्याने पाणी सांध्यांत घुसतं. काचेला कोरडं फडकं लावायचं नाही, चरे पडतात, आधी नुसतं पाणी सोडायचं आणि हाताने धूळ उतरवायची. वरून खाली धुवायचं आणि कोणीतरी एकाने पोटाखाली बसून भोकांतून पाणी येतंय ना ते बघायचं.


तर्रीबाज
८ डिसेंबर, दुपारी २:२५

पोटाखाली मी बसतो, तिथं सावली राहीन. शिडी कोणती आणू काका, लाकडाची का ॲल्युमिनियमची?


पत्रा-फिटर
८ डिसेंबर, दुपारी २:३१

कुठलीही चालेल. वरच्या दोन्ही टोकांना जुन्या सतरंजीच्या चिंध्या बांधून आणा.